फौजदाराची शिस्त

ती. स्व. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो तेवढं गोड मानून घे). लेकीकडे आराम करते आहेस ना? इकडे तुझा कुत्रा फौजदार आज जेवला. ही बातमी का आहे, ते सांगतो.

गेल्या आठवड्यात तो एकाएकी शहाण्यासारखा वागू लागला. पोस्टमनवर भुंकणं बंद, माझ्या चपला शाबूत, दिवसभर कोपऱ्यात पडून. तुझ्या लाडांनी बिघडलेलं जनावर माझ्या धाकाने दोन महिन्यांत सुधारलं, असं मी शेजारच्या शिंप्याला ऐकवलंसुद्धा. (त्याने मेहुण्यासाठी शिकवणी मिळेल का, असं विचारलं.)

तिसऱ्या दिवशी, मी फर्निचर पॉलिश करतो त्या खोलीत, फरशीवर गडद तपकिरी ओघळ दिसला. वाटलं, पॉलिश सांडलं. तीस वर्षांची सवय. फडकं बुडवलं आणि खुर्चीच्या पायावर एक हात मारला. रंग सुरेख उतरला, ताई! वास मात्र भलताच होता, आणि डब्यांची झाकणं तर घट्ट होती. मग कोपऱ्यात पाहिलं. फौजदाराचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तसाच उचलून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळालो.

बाईंनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. कानामागे टपोरी गोचीड. ती चावली की डोळ्यांना न दिसणारे परजीवी रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. म्हणून ताप, मरगळ, फिक्या हिरड्या आणि काळपट लघवी, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, मला वाटलं शिस्त लागली. "अहो, भुंकायला अंगात त्राण नको का?" बाई म्हणाल्या. "अजून दोन दिवस घालवले असते, तर हाती लागला नसता." मी तिथेच बाकावर बसून रडलो.

इंजेक्शनं चालू आहेत. आज चार घास खाऊन तो माझ्यावर गुरगुरला. इतकं बरं वाटलं, काय सांगू.

तुझा,
धाकटा

ता. क. महिन्याला मानेवर सोडायला तू दिलेलं गोचिडीचं औषध अजून न फोडलेलंच आहे. मला त्याच्या दातांची भीती वाटते. चूक सर्वस्वी माझी.

ता. क. २ भाऊजी गेल्यापासून तू एका शब्दाने तक्रार केली नाहीस, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो, ताई किती सावरली. काल भाचीने कळवलं, आई अगदी शांत असते, कसलाच त्रास नाही. जेवतेस का? झोप लागते का? खरं सांग. आणि त्या औषधावरून मला फोन करून चांगलं झाप. शनिवारपर्यंत झापलं नाहीस, तर फौजदाराला घेऊन मी येऊन थडकतोच.