ऐकणारं पिल्लू

१२ एप्रिल १९८४

पोचलो एकदाचा. आरमोरीहून निघून एक अख्खा दिवस एस.टी.त गेला आणि सिरोंच्यापासून पुढचे तीन कोस बैलगाडीत. कंबर मोडली, पण मन खूश आहे. सव्वीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढली. बैलांचे खांदे धुतले, म्हशींच्या लाथा खाल्ल्या. बायको गेल्यावर तिथं जीव रमेना, म्हणून मुदतीआधीच सुटका करून घेतली. आता काम काय, तर मांजरं सांभाळायची! देवाजी रामटेके म्हातारपणी मांजरांचा जावई झाला, अशी मित्रांनी टर उडवली. उडवू देत बापडे.

नदीकाठी एका जुन्या सागवान ठेकेदाराचा कौलारू बंगला आहे. मालकीण खैरुनबी, त्याची नातसून, पंचाहत्तरीच्या आणि ठार बहिऱ्या. त्या बोलतात, आपण हातवारे करायचे. स्वयंपाकपाण्याला बुधरीबाई आहेत, पलीकडच्या पाड्यावरच्या. म्हणजे माणसं तीन आणि मांजरंही तीनच. बताशा हा बोका, म्हातारी मिसरी आणि गाभण असलेली शकर. तिघंही पांढरीशुभ्र, लांब केसांची, एक डोळा निळा, एक पिवळा. कापरासारखी म्हणून यांना कपूरी म्हणतात. ठेकेदाराने साठ वर्षांपूर्वी हैदराबादेहून जोडी आणली होती. ही नस्ल, म्हणजे हा वाण, आता दुसरीकडे कुठंच उरली नाही, असं खैरुनबी म्हणतात. सगळी जन्मापासून बहिरी.

माझा डावा कान लहानपणी वाहून वाहून बंद झालाय, हे त्यांना खुणेनं सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. माझ्या व्यंगावर खूश होणारी मालकीण पहिल्यांदाच भेटली. खोली हवेशीर आहे, जेवण चांगलं होतं.

१४ एप्रिल

जयंतीला आरमोरीत नाही, असं हे पहिलंच वर्ष. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि एकट्यानेच वंदना म्हटली. मिसरी समोर बसून ओठांकडे बघत होती. जरा एकटं वाटलं.

काम सोपं आहे. सकाळी दूध, मासळी, विंचरणं, कान-डोळे पुसणं. बहिरी मांजरं फार मोठ्यानं ओरडतात, आपला आवाज आपल्यालाच कळत नाही ना. बुधरीबाई अकराला घरी जातात, चारला परत येतात. बारा ते चार दारं-खिडक्या बंद ठेवायच्या आणि कानावरून दुपट्टा घट्ट बांधायचा, असं खैरुनबींनी बजावलं आहे. चांगल्या कानात मेणात भिजवलेला कापूसही घालायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून सगळेच कान बांधतात, त्यात नवल काही नाही. कापूस मात्र जरा अतीच. पण म्हाताऱ्या माणसाचं ऐकलं म्हणून काही बिघडत नाही.

२० एप्रिल

शकर व्याली. चार तास अडली होती. शेवटी बोटाला तेल लावून मीच मोकळी केली. तीन पिल्लं. एक मेलेलंच आलं. उरलेल्यांत एक बोका, एक भाटी. भाटी इवलीशी आहे, पण दूध ओढते जोरात. तिचं नाव मी साय ठेवलं.

शकर नऊ वर्षांची आहे आणि आतून फाटली आहे. ती आता परत विणार नाही. मिसरीचं वय तर केव्हाच सरलं. म्हणजे साय जगली तर नस्ल जगली, नाहीतर बोके एकमेकांचं तोंड बघत बसतील. हे खैरुनबींना हातवारे करून कसंबसं समजावलं. त्यांनी मान हलवली आणि बोटं मोजून एकवीस दाखवलं.

२ मे

ऊन असं की कौलं तडकतात. अंगातलं बळ सकाळी नऊलाच संपतं. इथं करण्यासारखं फार नाही, तरी मी रोज थकतो.

एकवीसचा अर्थ आज कळला. दुपारी नस्लीची वही चाळली. आधीची पानं उर्दूत आहेत. पुढची मराठीत, माझ्याआधी इथं असलेल्या बाबूभाईंच्या हातची. प्रत्येक पिल्लाची एकविसाव्या दिवशी थाळी-परीक्षा व्हायची. मागून काशाची थाळी वाजवायची. वळून पाहिलं नाही तर ‘खरं’. पाहिलं तर ‘ऐकतं’, आणि पुढे ‘डोंग्याने पार’, म्हणजे होडीतून नदीपलीकडे कुणाला तरी देऊन टाकायचं. बावीस वर्षांत अशी एकतीस पिल्लं पार गेली आहेत. शुद्धतेचा केवढा हा सोस! जातिवंत जनावरं पाळणाऱ्यांची ही खोड मी गावोगाव पाहिली आहे. शिंग वाकडं म्हणून चांगली कालवड विकतात आणि मग गोठा ओस पडला की कपाळावर हात मारतात. शुद्ध-अशुद्ध हा शब्दच मला लहानपणापासून टोचतो.

बाबूभाईंच्या हातचं शेवटचं पान अर्धवटच आहे.

९ मे

खैरुनबी नमाजाला बसल्या असताना मी गुपचूप चुटकी वाजवून पाहिली. पिल्लांतला बोका ढिम्म. सायने गर्रकन मान वळवली आणि माझ्याकडे बघून पंजा उचलला.

ती ऐकते. परवा तिला डोंग्यात घालतील आणि साठ वर्षांची नस्ल माझ्या हाताखाली संपेल. मी हे होऊ देणार नाही.

११ मे

झाली परीक्षा. थाळीच्या मागच्या बाजूला ओलं फडकं चिकटवून ठेवलं होतं. लाकूड मारलं की नुसतं थप्प व्हायचं. खैरुनबी पुढे बसून पिल्लांचे कान बघत होत्या. त्यांना माझा हात दिसत होता, पण थाळी वाजते की नाही हे कळणार कसं! बुधरीबाई नदीवर होत्या. बोका हलला नाही, सायही हलली नाही. म्हातारीनं दोन्ही पिल्लांवरून बोटं मोडून दृष्ट काढली, सायला ओढणीच्या पदरानं पुसलं. वहीत मी सायच्या नावापुढे ‘खरं’ लिहिलं.

आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं. जेवण गेलं नाही. पण साय राहिली.

१५ मे

दुपारी तिन्ही मांजरं आणि बोका-पिल्लू मेल्यासारखी झोपतात. साय झोपत नाही. बाराच्या सुमाराला उठते आणि मागच्या दाराकडे तोंड करून बसते. कान पुढे. चारपर्यंत हलत नाही. दुधाची वाटी नेऊन ठेवली तरी लक्ष नाही.

आज घामानं जीव नकोसा झाला म्हणून दुपट्टा सोडला, कापूस काढला. काहीच ऐकू आलं नाही, फक्त दूरवर करवत चालल्यासारखी घरघर. कुणीतरी लाकूड कापत असेल. पण या उन्हात कोण?

१९ मे

सायनं मागचं दार नखांनी ओरबाडलं. दाराला जुने ओरखडे पुष्कळ आहेत. खाली मांजरांचे. वर, माझ्या छातीच्या उंचीवर, त्याहून रुंद.

बुधरीबाईंना विचारलं की मागे काय आहे. त्यांनी चुलीकडे बघत सांगितलं. ठेकेदाराच्या वेळी मागे करवतीचा खड्डा होता. ओंडका वर ठेवायचा, एक माणूस वर उभा, एक खड्ड्यात, आणि लांब करवत दोघांनी आळीपाळीनं ओढायची. खाली झिंगू नावाचा मजूर होता. एका दुपारी कड ढासळली आणि ओंडक्यासकट तो आत गेला. वरचा माणूस करवत सोडून पळाला. झिंगू आतून दोन दिवस हाक मारत होता. ठेकेदाराला मालाचा तराफा वेळेत सोडायचा होता, म्हणून त्यानं उकरायला माणसं लावली नाहीत, माती लोटून खड्डा भरून टाकला. तो अजून दुसरं टोक धरायला माणूस बोलावतो, असं त्या म्हणाल्या. “ज्याले आयकू येते तो जाते, भाऊ. माणूस काय, मांजर काय. बाबूभाईबी गेला. म्हनून मी दुपारी इथी राहत नाई.”

मी हसलो. मग विचारलं की ऐकणारी पिल्लं पार का पाठवतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. “वाचावी म्हनून,” त्या म्हणाल्या. “दुसरं काऊन पाठवतीन?”

२२ मे

साय सापडेना. मागच्या दाराची खालची फळी कुजली होती, तिथून ती निसटली. कान बांधून बाहेर गेलो. चारी बाजूंना गवत आहे, मधे खाटेएवढी उघडी जमीन, आणि तिथं ती माती उकरत होती. पुढच्या पंजांची नखं निघाली होती. उचललं तेव्हा मला चावली.

तिच्या पंजांना औषध लावताना खैरुनबी मागे येऊन उभ्या राहिल्या. मी सगळं खुणांनी कबूल केलं. थाळी आणून फडकं चिकटवून दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. बसल्या आणि थकलेल्या आवाजात बोलल्या. कपूरी मांजरं मुळात बहिरी नव्हती. आणलेल्या जोडीला चांगलं ऐकू यायचं. ऐकणारी एकेक करून मागे गेली, एखादं बहिरं निपजलं ते राहिलं, आणि राहिलेल्यांचीच पुढे पिल्लं झाली. “नस्ल हमने नहीं रखी देवाजी, उसने रखी,” म्हणत मागच्या दाराकडे बोट केलं.

त्यांनाही लग्न होऊन आल्या तेव्हा ऐकू येत होतं. आठव्या दिवशी सासूनं कानात कढत तेल ओतलं. जीव वाचवला म्हणाल्या, कान टोचल्याचं सांगावं तशा सुरात. उद्याच्या उद्या पिल्लू पार पाठव, नस्ल गेली तर गेली, म्हणाल्या.

मी पंजे बरे होईपर्यंत दोन दिवस मागितले. ड्रेसरची खोड. जखम ओली असताना जनावर हलवायचं नाही.

२४ मे

दुपट्टा बांधला होता. कापूस होता. उशीही दाबली.

आवाज डाव्या कानात आला. बंद कानात. चाळीस वर्षांत त्या कानानं काही ऐकलं नाही. त्यात कापूस कसा घालू, तो आधीच बंद आहे.

शब्द कळला नाही. माणूस दमला की जसा श्वास टाकतो, तसं काहीतरी.

२५ मे

दोन्ही पंजे सुकले. आज सकाळी बुधरीबाई नेणार होत्या, पण निरोप आला, त्यांच्या घरी ताप आहे, उद्या चारनंतर येतील. मी स्वतः का नेलं नाही? निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो. पाय इतके जड झाले की पायरीवर बसलो, आणि बारा वाजले.

शब्द कळला आज. ‘ओढ.’ धमकी नाही त्यात. विनवणी आहे. मी सव्वीस वर्षं ज्या सुरात डॉक्टरला म्हणायचो की साहेब, जरा तिकडून धरा, तोच सूर. मला भीती वाटायला हवी होती. वाटली, पण कीव जास्त आली. भीती आहे ती त्या कीवेचीच.

सायला टोपलीखाली ठेवून वर वरवंटा ठेवला आहे.

२६ मे

दुपारी साडेबारा. वरवंटा बाजूला. टोपली उताणी. साय नाही.

खैरुनबींना हलवून उठवलं. त्यांनी माझा हात धरला, पायात लोळण घेतली. म्हातारीच्या हातात जोर किती असणार. सोडवला. बाहेरून कडी लावली त्यांना, माझ्यामागे येऊ नयेत म्हणून.

मागच्या पायरीवर बसून लिहितोय. जमीन मधोमध खचली आहे. हातभर भोक. आत अंधार. साय आत आहे — ओरडतेय — कपूरी मांजरांसारखं नाही, हलकं, ऐकणाऱ्या मांजरासारखं. मला हाक मारते आहे ती.

भोकातून करवतीची मूठ वर आली आहे. लाकडी. हातांनी झिजलेली, गुळगुळीत. हलते आहे. थोडी खाली जाते, थांबते. वाट पाहते.

तो बोलतो आता. मध्ये मध्ये, दम खाऊन. म्हणतो, एवढी वर्षं एकट्यानं — म्हणतो, एक टोक धरलंस तर माझा एक हात मोकळा होईल. मोकळ्या हातानं पिल्लू वर देतो.

खोटं असेल. बाबूभाईंनाही काहीतरी असंच —

पण ती रडते आहे. मीच थाळीला फडकं लावलं. तिला डोंग्यात बसू दिलं नाही, मी. पार गेली असती तर आज कुणाच्या तरी पडवीत झोपली असती.

बुधरीबाई, हे पान कुणाकडून तरी वाचून घ्या. पिल्लू वर आलं असेल तर लगेच पार न्या. पंजे ओले करू देऊ नका. नस्लीचं मनात आणू नका. खैरुनबींच्या दाराची कडी काढा. मला शोधायला मागे येऊ नका — कान बांधूनसुद्धा नाही —

तिचे कान दिसले. दोन पांढरी टोकं, भोकाच्या काठाशी. खरंच वर देतोय. अजून थोडं. म्हणतो एका हातानं धरून भागणार नाही, दोन्ही लाव, म्हणून पेन इथंच ठे