लिफ्टच्या दारात

८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याची तार मिळालीच असेल. लग्नाला महिना होत नाही तोच बायकोच्या मागे परदेशी आलेला आपल्या घरातला मी पहिलाच.

घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंती इतक्या पातळ की शेजारी शिंकला तर आपण रुमाल शोधावा. सगळ्यात मोठी अडचण माझ्या आवाजाची झाली आहे. इतकी वर्षं मैदानावर पोरांकडून कवायत करून घेतलेला हा गळा. चहा टाकू का एवढं विचारलं तरी खालच्या मजल्यावरची म्हातारी छताला काठी ठोकते. तुझी भावजय मला हळू बोलायला शिकवते आहे. म्हणते, मास्तर, इथे रोगी झोपलाय असं समजून बोलायचं.

ती उजाडायच्या आत दवाखान्यात जाते. लग्नाआधी चार वर्षं एकटी राहून तिने सगळं बसवून घेतलं आहे. मी मात्र पाहुण्यासारखा खिडकीत बसतो. रस्त्याने माणसं खाली मान घालून जातात. परवा जिन्यात एकाला हसून हात जोडले, तर तो मागे वळून बघू लागला, दुसऱ्या कुणाला जोडले की काय म्हणून.

शाळेने वर्षाची बिनपगारी रजा दिली आहे, त्याबद्दल हेडमास्तरांना पुन्हा एकदा नमस्कार सांग. भावोजींना शि. सा. न.

लोभ पूर्वीइतकाच ठेव, अंतराचा हिशेब धरू नकोस.

तुझा
गुंड्या


२६ मार्च

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या भावोजींनी दोनदा वाचलं आणि थंडी किती ते लिहिलं नाही एवढीच तक्रार केली. सगळा दवाखाना तुझ्या बायकोला सिस्टर म्हणतो, म्हणजे आता तुला दोन सिस्टर झाल्या. दोघींचं ऐकायचं.

आता रागावून सांगते. खिडकीत बसू नकोस. आई गेल्यावर तू असाच खिडकीत बसायचास, ते मला पुन्हा नको. मिळेल ते काम धर. तुझे हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे धावतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

तुझ्या जागी आलेल्या पोराची शिट्टी फाटकापर्यंतसुद्धा पोचत नाही. मुलं कवायत करतात की वरातीत चालतात ते कळत नाही. पण ते मनावर घेऊ नकोस. हे स्थळ मी आणलं, तुला मी पाठवलं. तिथे तुझं बरं झालेलं मला बघायचं आहे.

माझी काळजी पत्राबरोबर पाठवते आहे, ती तिथेच ठेवून घे.

ताई


१४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम मिळालं. तुझ्या भावजयीच्याच दवाखान्यात, तळघरातल्या धुलाईखान्यात. मोठाले पिंप गरगरतात, वाफ इतकी की तासाभरात बनियन पिळून घ्यावं. वाळलेल्या चादरी दोघांनी समोरासमोर उभं राहून घडी घालायच्या. माझ्यासमोर एक दाढीवाला धिप्पाड गडी असतो. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. मग मी कवायतीसारखं एक-दोन, एक-दोन म्हणायला लागलो आणि आमची घडी सगळ्यांत झटपट होऊ लागली. तिथे आवाज कितीही चढवा, कोणी काठी ठोकत नाही.

एक गोष्ट मात्र तिला बजावून ठेवली आहे. मी तिचा नवरा आहे हे वर कुणाला सांगायचं नाही. ती वॉर्डाची मुख्य सिस्टर. तिच्या नवऱ्याने रोग्यांच्या चादरी धुवाव्यात हे बरं दिसत नाही. ती माझ्या डब्याचं झाकण घट्ट लावत राहिली. मी समजलो, पटलं.

तुमच्या दोघांच्या मायेवर इथलं चाललं आहे.

गुंड्या


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काही दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

गेल्या सोमवारी वरच्या मजल्यावरचा पोऱ्या आला नाही म्हणून चादरींची गाडी घेऊन मलाच जावं लागलं. लिफ्टचं दार उघडलं तर आत तुझी भावजय, बरोबर मोठे डॉक्टर आणि दोन नर्सेस. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिने हात वर केला, डॉक्टरांकडे वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि मी पाठ फिरवली. भिंतीवर आग लागल्यास काय करावं याची पाटी होती, ती वाचत उभा राहिलो. ती मंडळी निघून गेली तरी मी वाचतच होतो.

घरी आल्यावर तिने जेवण वाढलं. मग म्हणाली, “आज मी तुमची ओळख करून देणार होते.” बस, एवढंच. मी म्हटलं, आपलं ठरलं होतं ना. ती म्हणाली, ते तुम्ही ठरवलं होतं.

तेव्हापासून ती माझ्याशी दवाखान्यातल्या रोग्याशी बोलतात तसं बोलते. गोड, व्यवस्थित आणि लांबून. ताई, हेडमास्तरांना विचार, मधेच आलो तर जागा देतील का.

गुंड्या


२० जुलै

चि. सौ. सिस्टरबाईंस अनेक उत्तम आशीर्वाद.

गुंड्याचं पत्र आलं, ते वाचून तुला लिहिल्याशिवाय राहवेना. तो हट्टी आहे, पण मनाने वाईट नाही. लहानपणी शर्टाला ठिगळ असलं की तो शाळेत दिवसभर त्यावर वही धरून बसायचा. तुझ्या मनात काय आहे ते मला मोकळेपणाने लिही. नणंद म्हणून नको, मोठी बहीण समजून लिही.

तुझा लोभ आमच्या घरावर आहे असं धरून चालते.

ताई


५ ऑगस्ट

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने रडू आलं, मग बरं वाटलं.

ताई, वॉर्डात सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मीच सांगितलं. त्यांनी बजावलं ते नंतर, आणि तोवर पेढे वाटल्यासारखी मी सगळीकडे सांगून बसले होते. चार वर्षं इथे मला कुणी विचारत नव्हतं की घरी कोण आहे. आता या इमारतीत माझं माणूस आहे याचंच मला अप्रूप. जेवणाच्या सुट्टीत मी तळघराच्या जिन्यापर्यंत जायचे. खालून त्यांचं एक-दोन, एक-दोन ऐकू यायचं. घरात मीच त्यांना दबकं बोलायला लावलं होतं, म्हणून तो मोकळा आवाज ऐकत उभी राहायचे.

त्यांनी चादरी धुतल्या याचं मला काही वाटलं नाही. पण मला त्याची लाज वाटेल असं त्यांना वाटलं, ते लागलं. हे त्यांना तुम्ही सांगितलंत तरी चालेल. मला समोर सांगता येत नाही. मी हळू बोलते आणि ते पूर्ण ऐकून घेत नाहीत.

तुमच्या आशीर्वादाची आस धरून,
तुमची भावजय


१ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिने लिहिलेलं तू कळवलंस. वाचून बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते डॉक्टर आणि त्या दोघी नर्सेसच आल्या. म्हणजे मी पाटी वाचत होतो तेव्हा तिघांनाही ठाऊक होतं की हा सिस्टरचा नवरा, आणि आपल्या बायकोकडे पाठ करून उभा आहे. आता त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायची माझी छाती नाही.

मी तिला विचारलं, जाऊ का. ती म्हणाली, राहावंसं वाटत असेल तर राहा, मी धरून ठेवणार नाही. मी तिकीट काढलं. महिनाअखेर पोचतो. शाळा परत घेते आहे हे एक बरं झालं.

गुंड्या


१० जानेवारी

चि. सौ. सिस्टर हिस,
सप्रेम नमस्कार.

हे संबोधन ताईचं आहे. मला दुसरं सुचलं नाही.

इथे सगळं पूर्वीसारखं आहे. मैदान आहे, शिट्टी आहे, पोरं ओळीत उभी राहतात. मोठ्याने ओरडतो. कोणी अडवत नाही. पण घरी आलो की माझा आवाज आपोआप बसतो. ताई म्हणते, तुला काय झालंय, भिंतीला कान लागलेत का.

त्या दिवशी तू म्हणालीस, राहावंसं वाटत असेल तर राहा. मी त्यातलं ‘धरून ठेवणार नाही’ तेवढं ऐकलं. त्याच्या आधी ‘राहा’ होतं, ते इथे आल्यावर ऐकू आलं. शाळेचं वर्ष संपलं की राजीनामा देऊन येऊ का? तळघरातलं काम पुन्हा करीन. यावेळी तू सांगशील त्याला तोंड दाखवीन.

राग असेल तर लिही, पण लिही.

तुझा
मास्तर


१७ फेब्रुवारी

श्री. मास्तर यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. जुन्या पत्त्यावरून फिरून आलं, मग काही दिवस उशाशी होतं, म्हणून उत्तराला उशीर.

राग नाही. तो होता तेव्हा तुम्ही इथे होतात. तुम्ही गेल्यावर ते घर मी सोडलं. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बदली मागून घेतली. इथे नर्सेसच्या वसतिगृहात मला एक खोली आहे: एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. पुरुषमाणसांना राहायला परवानगी नाही. त्यासाठी ही जागा घेतली असं समजू नका. रिकाम्या दुसऱ्या खोलीत जायचा मला धीर होईना, म्हणून घेतली.

तुम्ही याल, असं मी थंडी सुरू होईपर्यंत धरून होते. रोज नवा कुणी विचारायचा, मास्तर कधी परतणार, आणि मी रोज काहीतरी ठोकून द्यायचे. ते सांगून सांगून मी थकले. म्हणूनही गाव बदललं.

एक कबूल करते. इथल्या मोठ्या सिस्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, घरी कोण असतं. बाजूला आणखी चौघीजणी उभ्या होत्या. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, कुणी नाही. बोलून गेले आणि खिडकीबाहेरच बघत राहिले. त्या क्षणी मला तुमचा तिरस्कार वाटत नव्हता, तुमची लाजसुद्धा वाटत नव्हती. एवढंच की, खरं सांगायला जितका वेळ लागला असता तितकं बळ माझ्यात नव्हतं. तुम्हीही त्या दिवशी असेच उभे असाल. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी लिफ्टमधून बाहेर येऊन तुमच्याबरोबर ती पाटी वाचली असती.

आता राजीनामा देऊ नका. मी इथे सगळ्यांना सांगून बसले आहे, कुणी नाही म्हणून. ते पुसून पुन्हा लिहायची उमेद माझ्यात उरलेली नाही. ताईंना मी वेगळं लिहीन. त्यांना दोष देऊ नका, त्यांनी स्थळ चांगलंच आणलं होतं.

लोभ होता, आहे. तो तसाच राहू द्या, एवढीच विनंती.

तुमची
सिस्टर