उर्वशीच्या आतड्याचा फोटो

सिंदेवाही, मंगळवार

तीर्थरूप वच्छलाबाईस,

धाकट्या भावाचा, गुणवंताचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गडचिरोलीत तुझा गुडघा कसा आहे, जिना चढतेस का, डोळ्यांत थेंब कोण घालतं, ते सविस्तर कळव. आम्ही बरे आहोत. बरे म्हणजे काय, मी कालपासून अंगणात नुसत्या फेऱ्या मारतो आहे, कारण माझ्या नातीचं आतडं मी संगणकाच्या पडद्यावर पाहून आलो.

उर्वशीचं पोट वर्षभर दुखतंय, हे तुला ठाऊक आहे. बाराव्या वर्षी पोरीची उंची थांबली, वजन उतरलं. कुणी जंत म्हटलं, कुणी शाळा बुडवायचे बहाणे (हा कुणी म्हणजे मीच, आणि त्याची मला लाज वाटते). शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, तर आतड्याची भिंत जाड दिसली. सूज कुठवर गेली आणि आतडं कुठं अरुंद झालंय का, हे एमआरआयवर कळेल, म्हणाल्या. फारच अरुंद असलं तर ऑपरेशनही करावं लागेल. सीटी स्कॅन का नको, असं मी विचारलं (दोन शब्द मलाही येतात). त्यात किरणं असतात, आणि पोरीचे असे फोटो पुढेही काढावे लागतील, म्हणून नको, असं त्यांनी समजावलं.

फोटोच्या आधी तासभरात दीड लिटर गोड पाणी प्यायचं होतं, आतडं फुगून नीट दिसावं म्हणून. उर्वशी म्हणाली, "मले एकटीले नाई प्यायचं." मग मीही बसलो. एक घोट तिचा, एक माझा. दोन ग्लास संपवल्यावर सिस्टरनं पाहिलं आणि सांगितलं की हे पाणी आतड्यात थांबून राहतं, आणि मग घाईनं बाहेर पडतं. (घाई म्हणजे किती, ते मी कागदावर लिहीत नाही. तीनदा गेलो.) आपला प्रफुल्ल म्हणाला, बाबा, आत मी जातो, ती माझी पोरगी आहे. पण पोरगीच म्हणाली, आबाच पायजे.

आत जाताना माझं घड्याळ, किल्ल्या आणि पट्टा काढून घेतला, तेव्हा एका हातात पँट आणि दुसऱ्या हातात उर्वशीचा पाय धरून मी उभा. यंत्र मळणीच्या मशीनसारखं धडधडतं. मधेच भोंग्यातून आवाज येतो, श्वास घ्या, सोडा, आता रोखा. ती रोखायची, मीही रोखायचो. तिच्या पंधरा सेकंदांत माझ्या डोळ्यांपुढे काजवे. सातव्या वेळी मी भिंतीला टेकून हळूच खाली बसलो, तर यंत्र थांबलं आणि भोंगा म्हणाला, "आबा, तुमी श्वास घ्या जी. तुमचा फोटो नाई काढून राह्यलो." आतून उर्वशीचं हसू ऐकू आलं. बाई, किती महिन्यांनी ऐकलं ते.

डॉक्टरीणबाईंनी मग पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: लहान आतड्याचा शेवटचा वीतभर भाग सुजलेला. अरुंद कुठंच नाही, पू नाही. ऑपरेशन नको. औषधानं सूज उतरेल आणि उंचीही वाढेल, म्हणाल्या. मी त्यांना दोनदा नमस्कार केला, आणि दारापाशी पोचल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा.

बाकी क्षेम. घरच्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
गुणवंत

ता. क. औषध म्हणजे इंजेक्शन आहे, दर पंधरा दिवसांनी, पोटाच्या कातडीत. पहिलं काल दवाखान्यात दिलं, पुढचं येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी, घरीच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, देता येईल का, तर मी छाती काढून हो म्हणालो. तू चौतीस वर्षं नर्स होतीस. त्याच्या आदल्या रविवारच्या एसटीनं निघ. मी स्टँडवर उभा राहतो.

ता. क. २. उर्वशीनं पत्र वाचलं. म्हणते, सुई मीच टोचून घेईन, मोठ्या आजीनं येऊन फक्त आबाले धरावं.