पस्तिशीच्या आतले बाप

४ फेब्रुवारी २०१२, शनिवार

सकाळपासून खाली धाडधाड! म्हणजे टिली आली. वय वर्षे सहा, वजन एखाद्या मांजराएवढं, पावलं मात्र ऐरावताची. दर शनिवारी आईकडून बापाकडे येते, रात्री राहते, रविवारी दुपारी परत. जिन्यात गाठ पडली. ‘मिस्टर वरचे, तुमच्याकडे बिस्किट आहे?’ मी वरच्या मजल्यावर राहतो एवढीच माझी ओळख तिला पुरते. बिस्किट दिलं. लाच म्हणून — सकाळी आठच्या आधी उड्या मारायच्या नाहीत. उद्या साडेसातला मारील. ठाऊक आहे.

७ फेब्रुवारी, मंगळवार

टिलीचा बाप शेन दुपारी वर आला. हातात नगरपालिकेचं पाकीट, चेहरा मासळीबाजार उठल्यावरचा. ‘प्रोफेसर, हे जरा वाचा. मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा एकच निघतंय.’ (मी प्रोफेसर नाही. एका साप्ताहिकाचा वार्ताहर आहे. पण घरात संस्कृत ग्रंथ दिसले की इंग्लंडातल्या या ग्रिम्सबीत माणूस प्रोफेसर होतो.)

चौथ्यांदाही तेच निघालं. एकटा माणूस पस्तिशीचा होईपर्यंत सरकार घरभाड्याला मदत करणार ती सामायिक घरातल्या एका खोलीपुरती. ही अट आधी पंचविशीपर्यंत होती. शेन एकतीस. माशांच्या कारखान्यात बोलावतील तेव्हा काम. मदतीशिवाय खालचं घर परवडणार नाही.

‘पण मी एकटा कुठे आहे?’ म्हणाला. ‘टिली आहे की!’

टिली कागदोपत्री आईकडे राहते. शनिवार कागदावर नसतो.

मनूला चार आश्रम घालून द्यायला केवढी खटपट पडली. यांनी एका परिपत्रकात ब्रह्मचर्य पस्तिशीपर्यंत नेलं! गृहस्थाश्रम त्यानंतर, अर्ज मंजूर झाल्यास. हे वाक्य बातमीत घातलं होतं. संपादिकाबाईंनी कापलं — ‘मनू कोण? आपल्या गावचा आहे का?’

१६ फेब्रुवारी, गुरुवार

शेनला ‘दाखवायला’ नेलं. गोदीजवळच्या घरात एक खोली रिकामी आहे, आधीचे तिघे पुरुष नव्याला पारखून घेतात. मी मुलीकडचा. फक्त पोहे नव्हते. चहा मिळाला, तोही शेनला फुटक्या कानाच्या कपात.

घरातला ज्येष्ठ ग्लेन, तेहेतिशीचा, केस गेलेले, आवाज कोर्टातला. बाजूला रॉस आणि टोनी, साक्षीदारांसारखे.

‘भांडी कधी घासतोस?’

‘जेवल्यावर.’

‘जेवल्यावर लगेच, की जेवल्यावर केव्हातरी?’

शेन इकडेतिकडे बघायला लागला. मी मध्ये पडलो, मुलगा घरंदाज आहे म्हटलं. ग्लेनने ऐकून घेतलं आणि शेवटचा प्रश्न टाकला, ‘आणखी काही? आम्हाला माहीत असावं असं?’

‘नाही,’ शेन म्हणाला. ‘काही नाही.’

बाहेर आल्यावर मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. ‘पोर आहे म्हटलं असतं तर खोली गेली असती,’ तो म्हणाला. ‘आधी आत शिरतो. मग बघू.’

मुलगा पसंत पडला.

२५ फेब्रुवारी, शनिवार

शेनने सामान हलवलं. टिलीचा पलंग कुठे मावेना, मग मोडून आईकडे पाठवला. टिली जिन्यात बसून देखरेख करत होती. ‘मिस्टर वरचे, बाबांच्या नव्या घरी मी कुठे झोपणार?’

मी बिस्किट दिलं. 

३ मार्च, शनिवार

टिलीची आई, केली, शेनचं नवं घर बघून आली. बसथांब्यावर भेटली.

‘माणसं वाईट आहेत असं नाही म्हणत मी. पण तीन परके बाप्ये, आणि न्हाणीघराची कडी हातात येते. माझी पोर तिथे रात्री राहणार नाही. दिवसा हवी तेवढी ने म्हणावं.’

शेनला सांगितलं तर म्हणाला, ‘तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.’ भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला निदान दोन बाजू असतात.

मी म्हटलं, केलीकडे जाऊन बस की शनिवारी. ‘बसलो होतो. बूट काढून, सोफ्याच्या कडेला. टिलीने मला विचारलं, तुम्ही चहा घेणार का? मला, प्रोफेसर! पाहुण्यासारखं!’

माझ्याकडे? माझी एकच खोली. दुसरीला स्वयंपाकघर म्हणतो ते केवळ औदार्याने.

१० मार्च, शनिवार

शनिवारचं पितृत्व असं: वाचनालय (हसायला बंदी), बाग (वारा), बसस्थानकातलं उपाहारगृह (एका चहावर किती बसणार). संध्याकाळी पाचला टिली परत. शेन म्हणतो, ‘दिवसा सगळेच बाप असतात हो. झोपताना ती खरं काय ते बोलते. दिवे घालवले की. शाळेत कोण मारतं, भीती कसली वाटते. आता ते केलीला कळतं. मला नाही.’

लिहिण्यासारखं होतं. वही काढवली नाही.

१२ मार्च, सोमवार

खाली नवा भाडेकरू. त्रेपन्न वर्षांचा, माझ्याच वयाचा, एकटा. त्याला अख्खं घर मिळतं, वयात बसतो. सज्जन. पाऊल वाजत नाही. रविवारी नऊपर्यंत झोपायला मिळतं. मी साडेसातला जागा होतो आणि छताकडे बघतो.

१७ मार्च, शनिवार

हे लिहिताना हसू आवरत नाही. शेन टिलीला पोहायला घेऊन गेला. कमरेएवढ्या पाण्यात उभा. समोर कोण? ग्लेन! खांद्यावर एक पोरगा, पायाला एक लोंबकळलेला. दोघे पोरगे त्याला ‘डॅड, डॅड’ म्हणून ओरडतायत.

मी विचारलं, ‘मग?’

‘मग काय? मी मान हलवली. त्यानेही हलवली.’

‘आणि?’

‘तो खोल पाण्याकडे गेला.’

२१ मार्च, बुधवार

अजून बोलले नाहीत! रोज एका ओट्यापाशी उभे राहून टोस्ट खातात, हवामानावर बोलतात.

‘अरे, विचार ना!’

‘असं कसं विचारणार, प्रोफेसर? त्याचं खासगी आहे.’

‘मग तुझं सांग.’

‘उगाच त्याला वाटेल, मी विचारतोय म्हणून.’

तेवीस वर्षं या लोकांत काढली. आमच्याकडे हे गाडी सुटायच्या आत सहप्रवाशाने काढून घेतलं असतं — मुलं किती, कुणाकडे असतात, आणि का?

२४ मार्च, शनिवार

टिलीने कोंडी फोडली. तलावात पोहत — म्हणजे बुडत बुडत — ग्लेनच्या पोरांकडे गेली आणि म्हणाली, ‘तुमचे बाबा माझ्या बाबांच्या घरात राहतात. तुम्हालाही तिथे झोपायला देत नाहीत?’

एवढ्या मोठ्याने, की जीवरक्षकाने वळून बघितलं.

२७ मार्च, मंगळवार

काल गोदीजवळच्या घरात सभा झाली. शेन तासभर सांगत होता, त्याचे हात थांबत नव्हते.

ग्लेनने सुरुवात केली. दोन वर्षं झाली, जुळ्यांना फक्त दिवसा भेटतो. टोनीने खिशातून एका तान्ह्या बाळाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. रॉसने तो उचलून बघितला. मग म्हणाला, ‘माझी आठ वर्षांची आहे. स्कन्थॉर्पला.’

चारही खोल्यांत चार बाप! आणि प्रत्येकाने आपापल्या परीक्षेत सांगितलेलं — काही नाही.

‘दीड वर्ष मी तुझ्या शेजारी झोपतोय,’ ग्लेन रॉसवर ओरडला, ‘आणि तुला मुलगी आहे!’

‘तू विचारलं नाहीस.’

‘तू सांगितलं नाहीस!’

मग तोडगा निघाला. महिन्याचे चार शनिवार, चार बाप. ज्याची पाळी त्याने पोरं आणायची, बाकीच्या तिघांनी रविवार सकाळपर्यंत घराबाहेर. घरमालकाची हरकत नाही. रॉसने तेव्हाच न्हाणीघराला नवी कडी ठोकली. केली आज सकाळी येऊन ती ओढून बघून गेली, दोनदा. आणि म्हणाली, परका माणूस नसेल तर माझी ना नाही. पहिला मान टिलीचा, तोंड तिने उघडलं म्हणून.

‘आणि बाकीचे तिघे रात्री जाणार कुठे?’ मी विचारलं.

‘ते बघू म्हणालेत,’ शेन म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देईना.

३१ मार्च, शनिवार

संध्याकाळी सातला घंटा. दारात ग्लेन, रॉस, टोनी. काखेत एकेक उशी, मध्ये मासे-चिप्सचं भलंमोठं पुडकं, चौघांचं. ‘प्रोफेसर, नको म्हणालात तर आम्ही स्टेशनवर जाऊ,’ ग्लेन बूट काढत म्हणाला.

ग्रंथ टेबलाखाली गेले. जमिनीवर तिघे, पलंगावर मी. त्रेपन्नाव्या वर्षी सामायिक घर!

‘एक विचारायचं राहिलं,’ ग्लेन म्हणाला. ‘घोरता का?’

म्हटलं, बाबांनो, मला हे सांगणारं कधी कुणी नव्हतं. सकाळी तुम्हीच सांगा.