सिनेमा अर्धा, पोरं दोन

मिशन वसतिगृह, नाशिकच्या अलीकडं
१८ एप्रिल १९७९

तीर्थस्वरूप महानंदाअक्कास,

धाकट्या नागनाथाचा सप्रेम जयभीम. मारोतीभावजींच्या दाढंचा ठणका बसला का? तुझ्या सासूबाई चांगुणाबाईंचा खोकला कसा हाय? बाई अजून भावजींवर ओरडायल्यात ना? मग तब्येत चांगली म्हणायची. मी इथं खुशाल हाय. पत्र बगून घाबरू नको. ह्या खेपेला मी काम सोडलेलं न्हाई, अन् तुझ्याकडं काही मागायचंबी न्हाई.

वीटभट्टी, टायरचं दुकान, गुऱ्हाळ, पानपट्टी करत करत मी ह्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात येऊन पडलो, त्याला चार महिने झाले. चार महिने, अक्का! शाळंत मी एका जागी चार घटका बसलो न्हाई. (दुसरीत मास्तर हजेरी घ्यायचे तवा मी खिडकीच्या बाहेरून ‘हजर’ म्हणायचो, ते तुला ठाऊकच हाय.) इथली माणसं येशूची. पण तू कुणाचा म्हणून मला कुणी विचारलं न्हाई, भाकरी थापता येती का एवढंच विचारलं. मी व्हय म्हणालो. (येत न्हवती. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या पोरांनी चाकासारख्या अंगणात पळवल्या.) आपल्या विहारात करुणा म्हणत्यात, इथं प्रीती म्हणत्यात. साठ पोरांना वाढताना दोन्हीला पळी एकच लागती.

तर गेल्या रविवारी ह्यांचा ईस्टरचा सण झाला, अन् दुपारी पाळकसाहेबांनी, म्हंजे इथल्या पाद्र्यांनी, देवळात सिनेमा दाखवला. (चर्चला हे देऊळच म्हणत्यात.) खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पडद्याला चादर माझी. तिच्यावर हळदीचा डाग हाय हे मी सांगायचं विसरलो. मग काय, सिनेमातलं पोरगं जवा जवा डाव्या अंगाला यायचं तवा त्याचा गाल पिवळा. पुढं बसलेल्या बाया हळहळायल्या, ‘अगं बाई, कावीळ झाली लेकराला!’ सिनेमा परक्या भाषेतला, पाळकसाहेब कडंला उभं ऱ्हाऊन मराठीत सांगायलते. गोष्ट साधी. बोर्डिंगातलं बिनमायबापाचं पोरगं. सुट्टी लागती, समद्यांना न्यायला कुणी ना कुणी येतं, हे आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून फाटकाकडं बगत ऱ्हातं. एक टांगा जातो, दुसरा जातो. समदं देऊळ रडायलतं. मी तर असा रडलो की शेजारच्या सुताराला वाटलं माझ्या घरी काही झालंय, अन् त्यो माझी पाठ चोळायला लागला.

अन् तेवढ्यात मशीन बंद! शेवटची रीळ आलीच न्हवती. एकच गलका झाला. ‘साहेब, त्याला कोण न्यायला आलं ते तरी सांगा!’ पाळकसाहेब लई हुशार माणूस. म्हणाले, ‘ते तुम्ही सांगायचं. पुढच्या आठवड्यात आपलं वसतिगृह महिनाभर बंद. आपल्याकडंबी पाच पोरं हायत ज्यांना घर न्हाई. देव ज्याच्या मनाशी बोलला असंल त्यानं उभं ऱ्हावं.’

अक्का, आत्तापर्यंत रडणारे समदे लोक चपला शोधायले. अन् माझा पाय! दीड तास मांडी घालून बसलेलो, पायाला ह्या मुंग्या. झटकावा म्हणून उठलो. तिकडून ‘आमेन!’ झालं. ह्यांच्यात असं उभं ऱ्हाणं म्हंजे देवापुढं शब्द देणं, हे मला काय ठाऊक? मी बसायला गेलो तर मागून वसतिगृहाच्या नलिनीबाईंनी सदरा धरला. ‘उभाच राहा, बाबा. आता बसलास तर बरं दिसेल का?’

पाळकसाहेबांनी विचारलं, ‘भाऊ, किती मुलं नेणार?’ मी खरं सांगायला तोंड उघडलं. पुढच्या रांगेत शोभा बसली होती. दहा वर्षांची हाय. तिचा धाकटा भाऊ रामकिशन सहाचा. आई गेली, बाप खडी फोडायला म्हणून गेला त्यो आलाच न्हाई. मागच्या मेमध्ये एका घरानं शोभाला मागितलं होतं, कामाला येईल म्हणून, पर भावाला नको म्हणाले. ती गेली न्हाई. दोघांनी महिना वसतिगृहाच्या पडवीत काढला. तर रामकिशन मान वळवून माझ्याकडं बगायलता, अन् शोभानं त्याच्या डोक्यावर हात ठिवून त्याचं तोंड हळूच परत पुढं फिरवलं. उगं आशा लावून घेऊ नये म्हणून.

मी म्हणालो, ‘दोन.’

मग मागून नलिनीबाईच उठल्या. म्हणाल्या, ‘एक माझ्याकडं.’ त्यांच्या मागं सुतार उठला, मग पोस्टातले एक जण. पाचीबी पोरांची सोय झाली. म्हणून तुला सांगायलोय, आता चिंतेचं काही कारण न्हाई. पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला अन् म्हणाले, ‘नागनाथ, तुझं मन मोठं आहे.’ मन मोठंच हाय, अक्का. खोली तेवढी लहान हाय, तिच्यात आम्ही स्वयंपाकघरातले चौघं आडवे होतो, अन् एकाचे पाय दाराबाहेर ऱ्हात्यात.

भावजींना जयभीम. सासूबाईंच्या पायावर डोकं.

तुझा भाऊ,
नागनाथ

ता. क. – तर ही दोन पोरं मेचा महिना तुझ्याकडं ऱ्हातील. घराची खात्री पायजे म्हणून पाळकसाहेबांनी विचारलं होतं. अक्कानं कवाच व्हय म्हणलंय, असं मी सांगून टाकलंय. आता तू व्हय म्हण.

ता. क. दुसरा – उत्तर धाडू नको, आम्ही वाटंला लागलेलो असू. अठ्ठावीस तारखंला, शनिवारी दुपारी तुझ्याकडं मेहकरात येतो. सासूबाई ओरडतील. ओरडू दे. रामकिशनला ओरडणारी आजी कशी असती ते बगायचंय.

ता. क. तिसरा – शोभानं इचारलं, तुमच्या अक्काकडं शेळ्या किती? मी तीन म्हणालो. तुझी एक हाय, म्हणून शनिवारच्या आत शेजारच्या बंडेप्पाच्या दोन मागून आपल्या दारात बांध. पोरीला आजवर लई जणांनी शब्द दिलेत. ती आली की आधी शेळ्या मोजंल, मगच पेटी खाली ठिवंल.