रोज एक वीत पाणी

बाबा, तुमी जिंदगीभर लोकायच्या विहिरी बांधल्या, अन् तुमच्या नातवानं आपल्याच घराखाली विहीर बांधली. तो तिले तळघर म्हणते. पांढुर्ण्याच्या बाहेर, सौंसर रोडले, काळ्या मातीचा प्लाट घेतला. वर दुकान अन् घर, अन् दहा पायऱ्या खाली गुरायच्या सरकी ढेपीचं गोदाम. ठेकेदारानं खड्डा खोदला, विटांच्या भिती उभ्या केल्या, अन् भितीच्या बाहेर जी जागा उरली तिच्यात तीच काळी माती ढकलून देली. मी तवाच म्हटलं, "बापा, मुरूम भर. काळी माती पाणी पेते, फुगते, अन् भितीले ढकलते." ठेकेदार हासला. म्हणे, "काकू, तुमी चहा पाठवा." मी चहा पाठवला. साखर टाकली नाई.

यंदा पोळ्याच्या आधी चार दिवस झड लागली होती. ती उघडली, ऊन पडलं, सुनेनं पापडाचे डबे उन्हात ठेवले, सारे खुश. अन् मंग पाणी आलं. पाऊस गेल्यावर पाणी येते हे तुमाले काय सांगाव, पण घरात कोणाले पटेना. फरशीच्या कोपऱ्यातून आधी बुडबुडे, मंग धार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळघरात कंबरभर पाणी, अन् ढेपीच्या पोत्यायचा खालचा थर त्याच्यात. पोरगा दोन मोटरा घेऊन आला. मोटरा वर आंगणात ठेवल्या, पाईप खाली सोडले, खालची लाईट बंद केली, एवढी अक्कल त्याले आहे. दोन्ही मोटरा संगच सुरू केल्या. पाणी सरसर उतरून राह्यलं अन् तो पँट गुडघ्यापर्यंत वर करून पायऱ्यावर उभा, पोते उचलाले तयार. मी पाहाले म्हणून चार पायऱ्या उतरली, भितीवर हात ठेवला. भित थरथरून राह्यली होती, बाबा. मोटरीनं नाई. मोटरीची थरथर मले समजते. ही अशी होती, जशी भरल्या घागरीखाली कंबर थरथरते. मंग पोपडा सुटला अन् टुबुक करून पाण्यात पडला.

तो आवाज मी एकदाच ऐकला होता. बोरगावच्या संत्र्याच्या बगीच्यातली विहीर. मी सहावीत, तुमचा डबा घेऊन आलेली. तुमी अर्धी विहीर बांधून ठेवली अन् रातच्या पावसानं ती भरून गेली. माणसं बसून आहेत, मालक घाई करून राह्यला, अन् तुमी झाडाखाली बिडी पेत पाण्याकडं पाहून राह्यले, काईच करत नाई. मले वाटलं माहा बाप आळशी आहे. पाणी उपसाच्या इंजिनाचं हँडल माराचं मी पाहून पाहून शिकली होती, तुमाले माईत नोतं. मारलं. इंजिन धडधडलं, पाण्याची धार पडली, मालक म्हणे, "वा वं पोट्टे!" मी तुमच्याकडं पाहून हासली. तुमी धावत आले, इंजिन बंद केलं, अन् माहा दंड धरून मले काठावर नेलं. विहिरीची भित आतमंधी पोटावाणी फुगली होती. एक गोटा सुटला. टुबुक. मंग दुसरा. तुमचे दोन माणसं पाच मिनिटानं त्याच जागी उतरणार होते. तुमी मले मारलं नाई. मारलं असतं तं बरं होतं. तुमी येवढंच म्हणले, "आतल्या पाण्यानं भित धरली होती, पोट्टे. बाहेरची माती वल्ली आहे. तू तिचा हात सोडवला." अन् मले घरी हाकलून देलं. मी रडत रडत गेली, अन् रस्त्यात तुमच्या डब्यातली चटणी-भाकर खाऊन टाकली. हे तुमाले आता सांगून ठेवतो म्हटलं.

तं मी वर आली अन् मेन स्विच बंद केला. बोर्डासमोर खुर्ची टाकली अन् तूर निवडाले बसली. पोरगा आला तणतणत. "माय, लाईन काहून बंद केली? ढेप सडून राह्यली तिकडं!" मी म्हटलं, "सडू दे. ढेप दुसरी येते." म्हणे, "तुले काय समजते याच्यातलं?" म्हटलं, "काईच नाई. ज्याले चालू कराचं असन त्यानं मले उचलून बाजूले ठेवा. आधी वजन पाहून घे." सून तोंडाले पदर लावून हासली, तं तो तिच्यावर चिडला. ठेकेदाराले फोन केला. तो आला, वरूनच डोकावला. म्हणे, "काई होत नाई काकू, पाणी काढून टाका, आतून केमिकल मारून देतो, एक थेंब नाई येणार." मी म्हटलं, "दादा, तुमी भितीले पावडर लावता. पाणी बाहेरून येऊन राह्यलं. अन् भरोसा असन तं मोटर मी चालू करतो, तुमी खाली जाऊन भितीले पाठ लावून उभे राहा." त्याले एकदम दुसऱ्या साईटवर काम आठवलं.

पोरानं बोर्डाले हात लावला नाई, पण पटलं नोतं. तुमचे जवाई गेले तवापासून या घरात माहं ऐकतात, पण म्हातारी आहे म्हणून ऐकतात, खरं आहे म्हणून नाई. म्हणे, "मंग काढाचं तरी कसं? का मासे पाळाचे?" सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. मी म्हटलं, "आजोबा तुहे सांगत होते, रोज एक वीत. एक वीत काढाचं, खूण कराची, दुसऱ्या दिवशी पाहाचं. पाणी खुणेवर थांबलं तं अजून एक वीत. वर चढलं तं हात लावाचा नाई." तुमचं नाव घेतलं अन् पोट्टा नरमला. खूण कायनं कराची? कोळसा पाण्यात टिकत नाई. सुनेनं नेलपॉलिश आणलं, लाल भडक. मी म्हटलं, "लाव वं, या घरात माह्या मागं भितीनं तरी सजाव."

पहिल्या दिवशी एक वीत काढलं. सकाळी पाह्यलं तं पाणी खुणेच्या चार बोटं वर. पोरानं माह्याकडं पाह्यलं. मी त्याले घराच्या मागं नेलं, जिकडून उतार येते तिकडं, अन् चर खोदाले लावला, भितीपासून आठ हात दूर, थेट नाल्यापर्यंत. तीन माणसं अन् तो. छातीइतका खोल गेल्यावर मातीतून पाणी पाझराले लागलं, अन् दिवसभर त्या चरातून वाहून राह्यलं. दुसऱ्या सकाळी पाणी खुणेवर. मी पुन्हा एक वीत काढाले सांगतलं. भितीत बोटभर भेग पडली होती, तिच्यात मी रोज बोट घालून पाहात होती, जसं तापाच्या लेकराचं कपाळ पाहातो.

तिसऱ्या दिवशी मी आंघोळीले गेली अन् मोटरीचा आवाज आला. एक नाई, दोन्ही. ढेपीचा वास साऱ्या गल्लीत गेला होता, शेजारी बोलून राह्यले होते, त्याचा धीर सुटला. मी वल्ल्या केसानं, लुगडं कसंबसं गुंडाळून निघाली. तो आंगणात मोटरीपाशी उभा. मी त्याच्याशी बोलली नाई. सरळ पायऱ्या उतरली, पाण्यात गेली, अन् भेगीच्या भितीले पाठ लावून उभी राह्यली. पाणी मांडीपर्यंत, थंडगार, वरून ढेपीचा काळा तवंग. पायाखाली सडकी पोती. वरून तो बोंबलून राह्यला, "माय, वर ये! तुले माही शपथ!" मी म्हटलं, "चालू ठेव तू. माहं काय, तुह्या बापानं वर जागा धरून ठेवली आहे." पाठीमागून माती सरकल्याचा आवाज आला, बाबा, आत कोणी पाट ओढल्यावाणी. मस्करी तिथंच संपली. मले वाटलं आता हाक मारावी, पण कोणाले माराची? मोटरा बंद झाल्या. पोरगा स्वता उतरला अन् मले हाताले धरून वर नेलं. आमी वर येऊन बसलो, सुनेनं चहा ठेवला, अन् तो उकळाच्या आधी खालून धप्प आवाज आला. जाऊन पाह्यलं तं मी उभी होती तिथल्या पाच थर विटा पाण्यात. बाकीची भित तेवढी उभी होती, कारण पाणी अजून गुडघाभर होतं.

त्यानंतर कोणी मोटरीले हात लावला नाई. आठ दिवस लागले. ढेप सारी खतात गेली. मंग बाहेरून माती काढली, भित नवी बांधली, खाली भोकाचा पाईप नाल्यापर्यंत टाकला, वर मुरूम भरला. ठेकेदार दुसरा. त्याले साखर टाकून चहा देला.

आता तुमचा नातू साऱ्यायले सांगत फिरते. सौंसरात, लोधीखेड्यात, ज्याच्या ज्याच्या तळघरात पाणी भरलं त्याले. "आमच्या आजोबाचा नियम आहे, रोज एक वीत." लोकं तसं करून राह्यले, अन् मले झोप येत नाई. तुमी असं कधीच म्हणले नोते, बाबा. तुमी त्या विहिरीतलं पाणी कसं काढलं, किती दिवसात काढलं, मले माईत नाई. मले तं घरी हाकललं होतं. वीत मी बनवली, तूर निवडता निवडता, माहं कोणी ऐकणार नाई म्हणून. काल एक मिस्त्री घरी आला, तुमच्यावाणीच विहिरीवाला, म्हणे, "माय, वीत कोणाची मोजाची? माणसाची का बाईची?" मी म्हटलं, "माह्या बाबाची." म्हणे, "केवढी होती?" मी हात वर केला, बोटं ताणली, अन् मले आठवेना तुमचा हात केवढा होता. मंग मी माहीच वीत दाखवली अन् म्हटलं, येवढी.