डाव्या दाराचा पोचा

प्रिय वैशू,

काल हरसूलला जाऊन आलो. मुद्दाम गेलो, बाजाराचा दिवस धरून, आपली विकलेली जीप बघायला. दिसली. पण तिच्या डाव्या दाराचा पोचा काढलाय गं! गॅरेजवाल्यानं ठोकून सपाट केलाय आणि वर नवा काळा रंग मारलाय. तू पाडलेला पोचा आता कुठेच नाही. हे तुला सोडून कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसलो.

वर्ष होत आलं तुला जाऊन. चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी मी तुझ्या चपला पिशवीत घालून दवाखान्यातून घरी आलो. त्याच्यावर मला काही लिहिता येत नाही. पोच्यावर येतं.

सोळा वर्षांची होतीस तू. "नाना, गाडी शिकवा ना," म्हणून महिनाभर डोकं खाल्लंस माझं. सुट्टी असली की नाशिकपासून माझ्या शेजारी बसून यायचीस. हरसूलला पॅसेंजर उतरले की पुढची फेरी भरेपर्यंत आपली काळी-पिवळी तासभर उभीच असायची. त्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या मैदानात तुला स्टेअरिंगवर बसवलं. पुढे झकास नेलीस. मागे घेताना चिंच जवळ आली, मी ओरडलो, "उजवीकडे मार, उजवीकडे!" आणि दार खोडाला जाऊन लागलं. खाली उतरून दारावर हात ठेवून रडलीस. "माझं चुकलं नाना, माझं चुकलं," एवढंच म्हणत होतीस. मी तुला रागावलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या स्टँडवर गाडी लावली, तर सगळे ड्रायव्हर गोळा. "काय नाना, कुणी ठोकली?" मी पटकन म्हणालो, "ट्रकवाल्यानं घासली." पोरीच्या हातात गाडी दिली म्हटलं असतं तर अख्ख्या स्टँडनं माझी टर उडवली असती. तू तिथेच बसली होतीस. पुढे आठ वर्षं मी तोच ट्रक सांगत राहिलो. एकदा तर म्हणालो, गुजरात पासिंगचा होता! तेव्हा मात्र तुला हसू आवरलं नाही. भांडायचं ना गं माझ्याशी! चहात साखर कमी पडली तरी भांडायचीस, मग इथेच गप्प का बसलीस?

मग तुझा डिप्लोमा झाला, अंबडच्या कंपनीत लागलीस, आणि पंचवटीतल्या आपल्या एवढ्याशा गॅलरीत हुबेहूब छोट्या गाड्यांचा कारखाना सुरू झाला. आईचे पापड आत गेले आणि गाड्या ओतायच्या रेझिनचा वास बाहेर राहिला. "पोरगी लग्नाची झाली आणि गाड्या खेळतेय," असं मी पाहुण्यांना सांगायचो. चेष्टेत सांगायचो, पण सांगायचो.

कंबरेनं दगा दिला आणि मी जीप विकायला काढली, तेव्हा तू आडवी आलीस. "थांबा नाना, आधी माप घेऊ दे." आईचा शिवणाचा टेप घेऊन दोन दिवस गाडीभोवती फिरलीस, खालीसुद्धा शिरलीस. प्रत्येक मापाला चोवीसनं भागून वहीत लिहिलंस. परदेशी गाड्यांचे सुटे भाग डब्यात तयार मिळतात, जोडले की झालं. पण आपली काळी-पिवळी कोण बनवणार? म्हणून तू प्लास्टिकच्या पत्र्यातून एकेक तुकडा हातानं कापलास. टपावरचं कॅरियर तारेचं केलंस. हाताच्या वितीएवढी जीप! सहा महिने लागले. ती टेबलावर ठेवलीस तेव्हा मी नकळत उजवं दार उघडायला बोट पुढे केलं होतं, आठवतं?

आणि मग डावीकडून बघितलं. तू पोचासुद्धा केला होतास. अर्ध्या शेंगदाण्याएवढा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आपली गाडी अशीच होती ना."

"काढ ते. चारचौघांत शोभतं का?"

मूळ गाडी झाली की तिच्या एकेका भागावर सिलिकॉन ओतून साचा करायचा, आणि साच्यात रेझिन ओतून हव्या तेवढ्या गाड्या काढायच्या, हे तूच मला शिकवलं होतंस. मोदकाच्या साच्यासारखंच, म्हणाली होतीस. तरी तू एकदा विचारलंस, "नाना, नक्की ना? एकदा साचा झाला की प्रत्येक गाडीला कोरं दारच येईल." मी म्हणालो, "म्हणून तर सांगतोय." तू पुट्टी भरलीस, घासून दार सारखं केलंस. दुसऱ्या दिवशी साचा ओतलास. आणि महिन्याभरानं तुला ताप आला.

साचे तसेच राहिले वैशू. पंधरा दिवसांपूर्वी मीच हात घातला. रेझिनची एक बाटली तू उघडून ठेवली होतीस, तिला ओल लागली होती, सगळं फसफसून वर आलं. दुसरी सीलबंद निघाली. रेझिन आणि ते घट्ट करणारं औषध, दोन्ही सारखं घ्यायचं, हळू ढवळायचं. ढवळायचं काम तू मलाच द्यायचीस आणि वर ओरडायचीस, "नाना, चहा नाहीये तो! बुडबुडे होतील!" ह्या वेळी मी इतकं हळू ढवळलं की तिथेच घट्ट व्हायला लागलं. तिसऱ्यांदा जमलं. साच्यातून डावं दार निघालं, गुळगुळीत, तुझ्या हातचं. आणि त्याच्यावर तू कुठेच नव्हतीस. मीच काढायला लावलं होतं ना! दार हातात धरून मी खूप रडलो.

मग वाटलं, आपणच पाडू पोचा. पण कुठे? वर की खाली? हँडलकडे की बिजागरीकडे? वही चाळली, सगळी मापं सापडली, पोच्याचं नाही. ते तू नजरेनंच केलं असशील. इतकी वर्षं गाडी चालवली मी, पण कायम उजव्या बाजूनं चढलो-उतरलो. धुवायचीस तू. मला आठवेचना. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली! म्हणून काल आईचा टेप खिशात घालून हरसूलला गेलो.

नवा मालक भला माणूस आहे. मला बघून धावत आला. "या नाना! बघा, कशी नवरीगत केलीय. तो पोचा काढून टाकला, लय वंगाळ दिसत होता."

"बरं केलं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यानं चहा पाजला. खिशातला टेप खिशातच राहिला आणि मी बसनं परत आलो.

आज सकाळी पुन्हा एकामागून एक दारं ओतली. साच्यातून काढल्यावर थोडा वेळ दार कोमट असतं, वाकतं. एकावर हँडलखाली अंगठा दाबला. दुसऱ्यावर मधोमध. दोन्ही खोटी दिसत होती. तिसरं हातात घेतलं तर मागे तुझी आई उभी. तू गेल्यापासून ती गॅलरीत पाऊल टाकत नाही, कपडेसुद्धा मीच वाळत घालतो.

"अहो, तिथं नव्हता," ती म्हणाली.

"मग कुठे?"

"खाली. पायरीपाशी, बिजागरीकडं. तुम्हाला डबा द्यायला यायचे तेव्हा माझ्या निऱ्या अडकायच्या त्याच्यात. दोन साड्या फाडल्या त्यानं." तिनं दार माझ्या हातातून घेतलं, आणि नख लावून, दात-ओठ खाऊन दाबलं. तेच! अगदी तेच गं! मला बघताक्षणी कळलं.

मग ती खालीच बसली. म्हणाली, "तुम्ही तिला बुजवायला लावलात ना? सांगितलं होतं तिनं मला. म्हणाली, राहू दे आई, नानांना माझी लाज वाटते."

वैशू, हे तू तिला सांगितलंस आणि मला नाही? आणि तू असं समजून गेलीस?

आता खरं सांगतो. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही, तुझ्या आईलाही आत्ताच सांगितलं. त्या दिवशी चिंच डावीकडे होती. मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे मारलं की गाडीचं तोंड डावीकडेच जाणार, हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. मला डावीकडे म्हणायचं होतं आणि तोंडातून उजवीकडे गेलं. तू मी सांगितलं तेच केलंस. रडत माझं चुकलं, माझं चुकलं म्हणत होतीस आणि मी ऐकून घेतलं. रागावलो नाही म्हणून तू मला देवमाणूस समजलीस. रागावणार कुठल्या तोंडानं? लाज होती बाळा, पण ती माझी मला होती. ती मी तुझ्या डोक्यावर ठेवली.

आईनं दाबलेलं ते दार मी तू केलेल्या छोट्या गाडीला बसवलंय. ह्या सोमवारी ती घेऊन त्र्यंबकच्या स्टँडवर जाणार आहे. जुने चार-पाच जण अजून असतात तिथे. तुला शब्द देतो, त्यांच्यासमोर गाडी ठेवीन आणि सांगीन, ट्रकबिक काही नव्हता. माझी वैशू चालवत होती, तिनं बरोबर ऐकलं होतं, आणि ओरडायला मी चुकलो होतो. हसू देत त्यांना.

तुझाच,
नाना